मणका जागेवरच आहे

कंबर धरून दारात आलेला माणूस निदान सोबत घेऊनच येतो. ‘गादी सरकलीय’, ‘मणक्यात गॅप पडलाय’, ‘नस दबलीय’. गावाकडचा असला तर उसण भरली म्हणून पायाळू माणसाचा पाय लावून घेतल्याचंही सांगतो, आणि दोन दिवस बरं वाटलं हेही. आम्ही फिजिओथेरपिस्ट त्यावर गालातल्या गालात हसतो. पण आमच्याच विद्येवरचं संशोधन वाचलं, की ते हसू आवरतं घ्यावं लागतं.

आम्ही शिकलो ते असं: अंगठ्यांनी मणके चाचपायचे, अडकलेला ओळखायचा आणि नेमका त्यावरच दाब द्यायचा. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी या दाबांच्या ग्रेड बसवून दिल्या. आम्ही त्या घोकल्या. त्याच ऑस्ट्रेलियात २००३ साली कंबरदुखीच्या १४० रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना थेरपिस्टने विचारपूर्वक निवडलेलं तंत्र दिलं, काहींना निव्वळ चिठ्ठ्या टाकाव्यात तसं. आराम दोन्हीकडे सारखाच. त्याआधी १९९८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी माकडहाडाजवळचा सांधा ‘बसवण्या’आधी आणि नंतर क्ष-किरणांनी बारकाईने मोजला. हाताने केलेल्या तपासण्या सुधारल्या होत्या. सांधा मात्र तसूभरही हलला नव्हता.

मग आराम पडतो तो कशाने? मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं, की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अडवू शकतात. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, ते उगाच नाही. त्वचेत हळुवार स्पर्शाला प्रतिसाद देणारे वेगळे मज्जातंतूही असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने फिरणारा हात त्यांना सर्वांत भावतो. शिवाय ‘इथे बरं वाटेल’ हा भरवसा असतोच. पायाळूच्या पायातही तोच असणार.

पण हा आराम थोड्या वेळाचा. जुनाट कंबरदुखीत मणक्यांवरचे हस्तोपचार व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकेच उपयोगी पडतात, त्याहून सरस नाहीत, असा २०१९ मधल्या मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. म्हणून माझ्या लेखी हात म्हणजे किल्ली. दार उघडलं की चालायचं रुग्णानेच. हाताखाली स्नायू सैलावला, रोखलेला श्वास सुटला, की मी लगेच त्यांना वाकायला लावते, खुर्चीतून उठबस करायला लावते. वेदना कमी असताना केलेली हालचाल भीती घालवते.

‘मणका बसवला’ असं मात्र मी म्हणत नाही. ‘काका, मणका जागेवरच आहे,’ असं सांगते. बसवला म्हटलं, की पुन्हा सरकेल ही धास्ती आली. मग वाकणं बंद, आणि दर महिन्याला माझ्याकडे खेप. कुणी एमआरआयवरची झीज दाखवली, तर २०१५ चा एक आढावा सांगते: काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत अशी झीज दिसते.

कंबरदुखीसोबत मात्र लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातलं बळ गेलं, तर कुणाच्याही हाताची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. एरवी उपचार घ्यायला जाल, तेव्हा एकच विचारा: ‘घरी मी काय करू?’ याचं उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.