सुई टोचून घेण्याआधी

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधायची म्हणजे दोन्ही हात डोक्याच्या वर जायला हवेत. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. नारळाची पेंड मुलाने बांधली, सुपारीचे शिपटे पुतण्याने, आणि मी खुर्चीवर बसून खालून दोरीचे तुकडे देत राहिलो. वडिलांच्या मागे माटोळी माझ्याच हातची. त्या दिवशी पहिल्यांदा वाटले, आपले वय झाले.

हाडांच्या डॉक्टरांनी 'फ्रोजन शोल्डर' म्हणून सांगितले. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होते आणि मला तो आहेच. व्यायाम करा, दीड-दोन वर्षांत सुटेल, असे म्हणाले. दीड-दोन वर्षे! इथे रात्री कुशीवर वळताना जीव जात होता. त्यामुळे कचेरीतला मित्र म्हणाला, "अरे, एकदा सुया लावून बघ. आपल्या डॉ. कोटणीसांची विद्या ती," तेव्हा मी लगेच तयार झालो.

कोटणीसांची विद्या हे काही खरे नव्हे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात होते. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी ते तिथेच वारले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे चीन आणि वैद्यक म्हटले की आपल्याला कोटणीस आठवतात, एवढेच. त्याच पथकातले डॉ. बसू मात्र पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ते कोलकात्यात सुरू केले. पण हे सगळे मी नंतर वाचले. आधी वाचायची बुद्धी झाली नाही.

पहिल्या जागेचे नाव सांगत नाही. दहा वेळांचे पैसे आगाऊ घेतले. गुण हमखास येणार म्हणून सांगितले. टेबलावर स्टीलची डबी, तिच्यात स्पिरिट, स्पिरिटमध्ये सुया. माझ्या आधीच्या बाईंच्या गुडघ्यातून काढलेल्या सुया त्याच डबीत पडताना मी या डोळ्यांनी पाहिल्या. पाहिल्या आणि गप्प बसलो.

मंडळी, मी मामलेदार कचेरीतला कारकून. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्याकडे मी रेशनकार्ड मागतो, आधार मागतो, एक झेरॉक्स कमी असली तर त्याला परत पाठवतो. आणि स्वतःच्या अंगात शिरणाऱ्या सुईबद्दल एक प्रश्न विचारायला माझी जीभ रेटली नाही. समोरच्याचा अपमान होईल असे वाटले! असा तीनदा गेलो.

घरी सहज बोलून गेलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, इंजेक्शनची सुई कोणी अशी वापरली असती तर तुम्ही हात पुढे केला असता?" मग मात्र पाय लटपटले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितले की नुसत्या स्पिरिटात बुडवून सुई निर्जंतुक होत नाही आणि हिपॅटायटिस बी अशा सुईतून पसरू शकतो. त्यांनी लस सुरू केली, रक्त तपासले आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे म्हणाले. ते सहा महिने मी विसरणार नाही. दाढीचे सामान मुलाच्या हाती लागू नये म्हणून कपाटात कुलपात ठेवायचो. भाजी चिरताना बोट कापले तरी धस्स व्हायचे. दोन्ही वेळा रिपोर्ट चांगले आले. देवाची कृपा, दुसरे काय.

खांदा मात्र तसाच होता. तेव्हा त्याच डॉक्टरांनी एका बाईंचे नाव सुचवले. तिथे मला कळले की ही गोष्ट कशी असायला हवी.

सुईआधी पंधरा मिनिटे नुसती विचारपूस. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत का? पेसमेकर आहे का? सुईला वीज जोडायची पद्धत असते, ती अशा माणसाला चालत नाही. साखर किती? बायकांना दिवस गेले असतील तर तेही आधी सांगावे लागते, कारण काही ठिकाणी तेव्हा टोचत नाहीत. उपाशीपोटी येऊ नका, चक्कर येते, हेही त्यांनीच सांगितले. सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडले आणि वापरलेली सुई वेगळ्या डब्यात टाकली. सुई केसासारखी बारीक. टोचल्याचे फारसे कळत नाही, मग आत एक जड, बोथट ठणका येतो. वीस-पंचवीस मिनिटे पडून राहायचे. छातीजवळ, खांद्याच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून हात शिकलेलाच हवा. केंद्र सरकारने २००३ साली या पद्धतीला मान्यता दिली ती नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य शिक्षण घेतलेल्यांनीच करावी असे सांगूनच. तेव्हा प्रमाणपत्र कुठले, हे बेलाशक विचारावे.

गुण किती येतो? बाईंनी हमी दिली नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांची एक मोठी चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी ठरलेल्या जागी सुया लावलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना बरे वाटले, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. म्हणजे आराम पडतो, पण नेमक्या जागेचा महिमा सांगतात तेवढा दिसत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर रात्रीची झोप परत आली. हात वर जाऊ लागला तो व्यायामाने आणि काळाने, असे मला वाटते. साखरेची गोळी एक दिवसही बंद केली नाही आणि बंद करा म्हणणाऱ्याकडे कोणी जाऊ नये.

परवा खिडकीवर एका पोराने विचारले, "ही झेरॉक्स कशाला लागते?" एरवी मी चिडलो असतो. या वेळी नीट समजावून सांगितले.

गेल्या चवथीला माटोळी पुन्हा मीच बांधली. नारळाची पेंड तेवढी मुलाने चढवली.