पांदणीवरची सायकल

रिसोड, कार्तिक. सोयाबीन निघालं, तुरी फुलावर आल्या, पांदणी वाळल्या. आता सायकलचे दिवस. डांबरी रस्त्यावर सगळं लक्ष ट्रकला वाट देण्यात जातं. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या या उतरत्या टोकांवरून पैनगंगेकडे जाणारे मुरमाचे रस्ते मात्र मोकळे असतात. 40 मिलिमीटरचं टायर, हवा जरा कमी. मग चाक खड्यांवर उसळत नाही, जमीन धरून चालतं. चढावर स्वतःचा श्वास ऐकू येतो, उतारावर वारा. पावसाळ्यात पांदणीतली काळी माती चाकाला चिकटून ते जागीच थांबवते. इथं ऋतू पाहूनच निघावं लागतं. पांदणी बैलगाडीसाठी जपायच्याच, पण पोरांना निर्धास्तपणे सायकल शिकता यावी म्हणूनही त्या अतिक्रमणापासून वाचवायला हव्यात.