पोटरीची सोनोग्राफी

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोट आठवतं. गरोदरपण, मुतखडा, नाहीतर अपेंडिक्स. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटरीची सोनोग्राफी करू या असं मी म्हणालो, तेव्हा त्याच्या आजोबांनी दोनदा विचारलं, "डॉक्टर, पायाची? पायाचा तर एक्स-रे काढतात ना?"

हा मुलगा तान्हा असल्यापासून माझ्याकडे येतो. मी मेंदूचा किंवा हाडांचा डॉक्टर नाही, साधा फिजिशियन आहे. ताप, खोकला, जुलाब यांसाठी अख्खं घर माझ्याकडे येतं, तसाच हाही. सातव्या महिन्यात जन्मलेला. वर्षाचा होत आला तेव्हा आईच्या लक्षात आलं, की तो उजव्या हाताची मूठ उघडत नाही आणि खेळणं कायम डाव्या हातानेच घेतो. तपासण्या झाल्या आणि निदान आलं: सेरेब्रल पाल्सी, शरीराच्या एका बाजूची. अडीच वर्षांचा झाल्यावर तो चालायला लागला, पण उजवी टाच जमिनीला टेकायची नाही. चवड्यावर चालायचा.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला गर्भात, जन्माच्या वेळी किंवा लहानपणीच झालेली इजा, आणि तिच्यामुळे हालचालींवर आलेली मर्यादा. ती इजा पुढे पसरत नाही. "मेंदूतला दोष वाढत नाही," हे वाक्य मी कितीतरी पालकांना धीर देण्यासाठी सांगितलं आहे, आणि ते खरंही आहे. पण मग दरवर्षी टाच अजून थोडी वर का जाते? या प्रश्नाचं माझ्याकडे सोपं उत्तर होतं: व्यायाम कमी पडतोय.

दर भेटीत मी आईला विचारायचो, "स्ट्रेचिंग रोज चालू आहे ना?" ती हो म्हणायची. त्या 'हो'वर माझा पूर्ण विश्वास नव्हता. एकदा दवाखान्यात गर्दी होती, मी दमलेला होतो, आणि तिच्या सासूसमोर बोलून गेलो, "आईनेच कंटाळा केला तर पाय कसा सुधारणार?" ती काही बोलली नाही. मुलाचा बूट घालून निघून गेली. सासूबाईंनी मात्र ते वाक्य नीट लक्षात ठेवलं असावं.

गेल्या वर्षी शहरातल्या तज्ज्ञांनी या मुलाला पोटरीत बोटुलिनमचं इंजेक्शन द्यायचं ठरवलं. ताठ झालेला स्नायू काही महिने सैल पडावा म्हणून ते देतात. सुई सोनोग्राफीत बघत देणार, असं त्यांनी सांगितलं होतं. घरच्यांना त्याची भीती वाटली म्हणून ते माझ्याकडे आले, आणि मला या विषयावर वाचावं लागलं. सुई बघूनच का द्यायची, याचं कारण मेलबर्नच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सापडलं. नुसत्या हाताच्या अंदाजाने टोचलेली सुई पोटरीच्या मोठ्या स्नायूत बहुतेक वेळा बरोबर पोचते. पण पायाच्या आत खोलवर असलेल्या, पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूत ती जेमतेम ११ टक्के वेळा बरोबर जागी गेली होती. लहान मुलांचे स्नायू बोटभर जाडीचे असतात. अंदाज चुकायला कितीसा वेळ लागतो?

वाचता वाचता कळलं, की सुई दाखवण्यापलीकडेही या यंत्राचा उपयोग होतो. त्याने स्नायूच मोजता येतो.

आमच्या गावात माझा एक रेडिओलॉजिस्ट मित्र आहे. एका दुपारी रुग्ण कमी असताना दोन्ही पोटऱ्या बघून द्यायला तो तयार झाला. परदेशात या अभ्यासांसाठी मुलाच्या पायाला चपटा प्रोब पट्ट्याने बांधून त्याला चालवतात आणि चालताना स्नायू कसा हलतो ते बघतात. आपल्याकडे मशीन व्यायामशाळेत नेण्याचा प्रश्नच येत नाही. गर्भलिंगनिदान रोखण्याच्या १९९४ च्या कायद्यामुळे मशीन आणि त्याची जागा दोन्हींची नोंदणी असते, आणि ते का आवश्यक आहे हे आपल्या राज्याला वेगळं सांगायला नको. तेव्हा पोटरीच मशीनकडे गेली. बाहेरच्या बाकावर सगळ्या गरोदर बायका आणि त्यांच्यामध्ये हा, मांडीवर बूट घेऊन बसलेला.

एकाच बाजूचा आजार असण्याचा इथे एक फायदा होता. तुलनेसाठी दुसरं मूल शोधायची गरज नव्हती. त्याचाच डावा पाय होता.

आधी डावी पोटरी. पडद्यावर स्नायू काळसर दिसतो आणि त्यात पांढऱ्या तिरक्या रेघा असतात, पक्ष्याच्या पिसावर असतात तशा. रेघांमधला काळसर पट्टा म्हणजे स्नायूतंतूंची जुडी. या जुड्या तिरक्या येऊन खालच्या पांढऱ्या पडद्याला चिकटतात, आणि पुढे तोच पडदा टाचेची जाड शीर होतो. प्रोब खाली सरकवत नेला की एका जागी काळं मांस संपतं आणि नुसती शीर सुरू होते. मित्राने तिथे त्वचेवर पेनाने खूण केली.

मग उजवी. स्नायू पातळ. रंगाने अधिक पांढुरका, म्हणजे मांसाच्या मानाने मधल्या जाळीचा भाग जास्त. आणि मांस संपण्याची जागा डाव्यापेक्षा बरीच वर. दोन पाय शेजारी ठेवले तेव्हा पेनाच्या दोन खुणांत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर होतं. उजवीकडे मांस आखूड आणि शीर लांब.

"ताई, तुम्ही घरी पाय कसा ताणता ते करून दाखवा," मित्र म्हणाला.

तिने गुडघा सरळ केला, टाच तळहातात घेतली, तळपाय आपल्या हातावर टेकवला आणि सावकाश वर दाबला. कुठेही थांबली नाही, काही विचारलं नाही, मुलाच्या चेहऱ्याकडे बघून कुठवर दाबायचं ते ठरवलं. ज्या हातांनी ही गोष्ट हजारो वेळा केली आहे, ते हात ओळखू येतात. मला तिथेच लाज वाटली. पडद्यावर बघायच्या आधी.

पडद्यावर दिसलं ते असं. डाव्या पायाला ताण दिला की मांस आणि शीर यांच्यामधली सीमा चांगली खाली सरकत होती. उजवीकडे ती थोडी हलायची आणि थांबायची. पाऊल वर येत होतं, पण मांस फारसं लांबत नव्हतं. बराचसा ताण शीरच घेत होती. हे एका मुलाचं चित्र आहे, सगळ्यांचं असंच असेल असं नाही. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतही काहींत ताण मांसापर्यंत नीट पोचलेला दिसतो, काहींत तो जास्त करून शिरेतच जिरलेला.

एका बाबतीत मात्र बहुतेक अभ्यास एकमुखाने बोलतात: स्नायू लहान असतो. ऑस्ट्रेलियात दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या पोटऱ्या मोजून २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांमध्ये आतल्या बाजूचा स्नायू सुमारे २२ टक्क्यांनी लहान निघाला. म्हणजे व्यायामाची वर्षं जायच्या आधीच फरक पडलेला असतो. मेंदूची इजा वाढत नाही, पण हाडं वाढतात, आणि स्नायू त्यांच्या मागे पडतो. हाड लांब होतं, त्याच्यावरचं मांस त्या वेगाने वाढत नाही, आणि टाच वर खेचली जाते. आईने आळस केला नाही तरी हे होतं.

हे मी त्याच खोलीत तिला सांगितलं. नंतर तिच्या सासूबाई दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांनाही सांगितलं, आणि ते वाक्य माझं चुकलं होतं असंही सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या हातात जोर नाही."

मग स्ट्रेचिंग बंद करायचं का? नाही. सांधा मोकळा राहण्यासाठी ते चालू ठेवायचं. पण स्नायूला काम दिल्याशिवाय तो वाढणार नाही, आणि इथे आपण कमी पडतो. ताठ स्नायूला जोराचा व्यायाम दिला तर ताठरपणा वाढतो, असं पूर्वी मानत. मीही तेच शिकलो. तसं होत नाही, हे आता ठाऊक आहे. लंडनमध्ये १३ मुलांकडून दहा आठवडे पोटरीचे ताकदीचे व्यायाम करून घेतले आणि सोनोग्राफीने आकारमान मोजलं. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. स्नायू खरोखर वाढला. मात्र तेवढ्याने त्यांच्या चालण्यात फरक पडला नाही, हेही त्यात आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

स्प्लिंटचंही तसंच. जर्मनीतल्या एका अभ्यासात स्प्लिंटने चाल सुधारली, पण पोटरीचा स्नायू थोडा पातळ झाला. म्हणून स्प्लिंट मनाने काढून टाकू नका. दिवसातला काही वेळ पोटरीला काम मिळेल असं फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.

आता हे वाचून कुणी मुलाची पोटरी घेऊन सोनोग्राफी सेंटरला जाऊ नका. नेहमीच्या रिपोर्टमध्ये स्नायूची लांबी-जाडी लिहिण्याची पद्धत नाही. "फाटलेलं नाही, पाणी नाही" एवढंच येईल. मोजमापंही नाजूक असतात. प्रोब जरा दाबला किंवा पाऊल थोडं वाकलं, की आकडा बदलतो. इंजेक्शन देणार असतील, तर सुई सोनोग्राफीत बघून देणार का, हे मात्र जरूर विचारा. तो प्रश्न आजच उपयोगाचा आहे.

या मुलाला इंजेक्शन दिलं गेलं. सैल पडलेल्या महिन्यांत फिजिओथेरपिस्टने घराच्या पायरीवर उभं राहून टाच वर-खाली करायचा व्यायाम लावून दिला आहे, कठड्याला धरून, आधी दोन्ही पायांवर आणि मग उजव्यावर भार वाढवत. मोजायचं काम आजोबांकडे आहे. ते दहाच्या पुढे मोजताना मधले आकडे गाळतात, अशी मुलाची तक्रार आहे.

त्या दिवशी निघताना आईने दोन्ही पोटऱ्यांच्या चित्राची प्रिंट मागून घेतली होती. तो कागद काही वर्षांत पुसट होतो, म्हणून मी तिला मोबाइलवर त्याचा फोटोही काढून ठेवायला सांगितलं. तिने काढला होता. सासूबाईंना आधीच पाठवलाही होता.