उतारावरचं पायदळ

गेम सुरू झाला की माझा हात आधी पायदळाकडे जातो. लोणावळा स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ खेळायचो, तेव्हापासूनची ही खोड. बाकीची पोरं घोडेस्वारांसाठी सोनं साठवत बसायची आणि मी भालेवाले काढत सुटायचो. भालेवाल्याला धान्य आणि लाकूड पुरतं, सोनं लागत नाही. आणि अंगावर आलेला घोडा तोच अडवतो. कोणतं पायदळ दमदार यावर आमचे वाद रंगायचे. ट्यूटनांचा चिलखती योद्धा समोरासमोर भल्याभल्यांना आवरत नाही, पण चालतो इतका सावकाश की तिरंदाज मागे सरत सरत त्याला टिपतात. गॉथांचा हस्कार्ल बाणांना दाद देत नाही. मला मात्र केल्टांची माणसं आवडायची, कारण ती चपळ होती.

त्या गेममधला एक नियम मला फार लवकर पटला. उंचावरून घातलेला घाव पाव हिश्शाने जास्त लागतो, खालून वर घातलेला तेवढाच कमी. भुशीच्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

भुशी म्हटलं की लोकांना पावसाळ्यातल्या धरणाच्या पायऱ्या आठवतात. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेने इंद्रायणीवर बांधलेलं हे धरण. पण तसंच पुढे, आयएनएस शिवाजीच्या बाजूने कुरवंड्याला गेलं की नागफणीपाशी घाटमाथा संपतो आणि खाली कोकण दिसायला लागतं. शाहिस्तेखानाने कोकण घ्यायला धाडलेला कारतलबखान फेब्रुवारी १६६१मध्ये याच बाजूने खाली उतरला. फौज मोठी, सरंजाम भरपूर. शिवाजीमहाराजांनी त्याला वर अडवलं नाही, उतरू दिलं. उंबरखिंडीच्या रानात वाट इतकी अरुंद झाली की घोडा वळवायला जागा उरली नाही आणि मग दोन्ही अंगांच्या झाडीतून मारा सुरू झाला. खानाबरोबर रायबागन ही सरदार स्त्री होती. शरण जा, हा सल्ला तिने दिला. सामान टाकून, खंडणी कबूल करून खान जिवानिशी सुटला. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग सविस्तर आला आहे. त्या दिवशी रणांगण सर्वांत नीट वाचलं ते रायबागननेच, असं मला वाटतं.

त्या घाटाने मी चुलत्यांबरोबर उतरलो आहे. डोक्यावर ओझं असताना ते अंग तिरकं करत, टाच आधी रोवत, आणि पुढचा दगड हलतो का हे पायानेच चाचपून मग भार टाकत. नजर पायाकडे नसायचीच, समोरच्या कारवीत असायची. मावळा लढायचा कसा, याची कल्पना मला त्या चालीवरून आली.

शिवाजीमहाराजांच्या पायदळाची बांधणीही मला तितकीच मोलाची वाटते. नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. नाईकाला आपली नऊ माणसं नावानिशी ठाऊक असणार. गर्द रानात हुकूम पोचतो तो असाच.

पुढे ‘एम्पायर: टोटल वॉर’ आला. त्यात मराठ्यांचं राज्य खेळायला मिळतं, म्हणून मी हरखून गेलो. बंदूकधारी पलटणींच्या रांगा लावताना इब्राहिमखान गारद्याची आठवण हटकून येते. १४ जानेवारी १७६१ला, पानिपतावर, त्याच्या कवायती पायदळाने सकाळी रोहिल्यांची फळी फोडली. हिंदुस्थानात त्या काळी याहून कसलेलं पायदळ थोडंच असेल. पण सपाट मैदान, उपाशी फौज, आणि बाजूच्या तुकड्यांशी मेळ नाही. गारदी कापले गेले. त्यांच्या शौर्यात काही उणं नव्हतं.

आता पुतण्या खेळतो. आर्मी निवडताना तो हल्ल्याचे, चिलखताचे आकडे ताडून बघतो आणि मी त्याला आधी नकाशा फिरवायला लावतो: चढ कुठे, रान कुठे, पाणी कुठे. मावळ्यांची तुकडी असलेला एखादा गेम कुणीतरी मनापासून करावा, अशी माझी फार इच्छा आहे. त्या तुकडीचा जोर उघड्या माळावर बेताचा असावा, कारवीच्या रानात दुप्पट व्हावा. आणि नाईक पडला तर तिची घडी विस्कटावी.