बांधणें आणि आवळणें

बांधण्याची विद्या मनुष्याच्या सर्वांत जुन्या विद्यांपैकीं एक असावी. पण ती कोणत्याही विद्यापीठांत शिकवीत नाहींत. बिछाना, दप्तर, पाळणा, गवताचा भारा, सारें आपण एकमेकांचें पाहून बांधावयास शिकतों. त्यामुळेंच कीं काय, बांधणें आणि आवळणें हीं दोन क्रियापदें एकाच अर्थाचीं आहेत असा बहुतेकांचा समज असतो. जितकें आवळावें तितकें बांधलें गेलें! हा समज किती लटका आहे, हें गेल्या वर्षीं बुलढाण्यास एका लहानशा मोटारीच्या निमित्तानें मला पाहावयास मिळालें.

मोटार माझ्या दिवंगत वडील बंधूंची, मारुति ८००. १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आलेल्या या जातीच्या गाड्या निर्माण करणें २०१४ च्या आरंभीं बंद झालें. मधल्या तीस वर्षांत मध्यम स्थितींतल्या कित्येक घरांची ती पहिली मोटार ठरली. आमच्याही घराची तीच. बंधू गेल्यापासून ती अंगणांत उभी होती आणि इंजिन बंद पडलें होतें. मलकापुरास राहणाऱ्या पुतण्यानें ती नेऊन दुरुस्त करावयाचें ठरविलें, तेव्हां वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, ओरखडा उमटला तरी चालेल, पण वाटेंत सोडूं नका तिला."

मलकापूर फार दूर नाहीं. पण मध्यें राजूरचा घाट आहे. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगरावर, तर मलकापूर खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत. उतारावर सुटलेली मोटार स्वतःपुरतीच नाश पावत नाहीं. पुढें कोण चाललें आहे हें ती पाहत नसते.

एका स्नेह्यांची जीप आणि तिच्यामागें जोडावयाची सपाट ट्रॉली मिळाली. मोटार वर चढविली. पुतण्यानें उत्साहानें एक जाड दोर टपावरून टाकला आणि तो दोन्हीं बाजूंस आवळूं लागला. टपाचा पत्रा दबूं लागला. शेजारचे एक वृद्ध शेतकरी कुंपणापाशीं उभे राहून हें पाहत होते. त्यांचा सारा जन्म कापसाच्या आणि कडब्याच्या गाड्या भरण्यांत गेलेला. खामगांवास १८७० सालीं रेल्वेचा फांटा आला, त्याच्याही पूर्वींपासून या मुलखांतला कापूस बैलगाड्यांतून त्या बाजारास जात असे. तें बांधण्याचें ज्ञान त्यांच्या हातांत पिढीजात उतरलेलें. ते म्हणाले, "बापू, चाकं बांध. आंग नोको बांधू. आंग हालनारच."

या तीन वाक्यांत यंत्रशास्त्राचें एक प्रकरण सामावलें आहे. मोटारीचें शरीर स्प्रिंगांवर बसविलेलें असतें. खड्डा लागला कीं तें दबतें आणि दोर सैल पडतो; तें वर उसळलें कीं दोरास हिसका बसतो. असे शेंकडों हिसके बसले म्हणजे गांठ किंवा आंकडा केव्हां तरी दगा देतोच. चाकें मात्र ट्रॉलीच्या तळाला टेकलेलीं असतात. तीं बांधलीं म्हणजे मोटार जागच्या जागीं राहते आणि तिच्या अंगाला हालावयास मोकळीक मिळते.

मग त्यांनीं भार पाहिला. बैलगाडींत मागें ओझें अधिक झालें तर ती उलाळ होते, जूं वर उचललें जातें, हें खेड्यांतलें पोरही जाणतें. ट्रॉली उलाळ झाली तर वेगांत ती शेपटीसारखी डोलूं लागते. म्हणून एकंदर वजनाचा दहावा हिस्सा, किंवा त्याहून थोडा अधिक, पुढच्या जोडावर यावा असा संकेत आहे. मारुतीचें इंजिन पुढें. ती तोंड पुढें करून चढविलेली होतीच, आणखी वीतभर पुढें सरकवितांच हिशेब जमला.

मोटारीचें वजन सुमारें साडेसहाशें किलो. माल बांधण्याच्या युरोपीय नियमांत असें गृहीत धरतात कीं, जोराचा ब्रेक लागला असतां माल आपल्या वजनाच्या आठ दशांश जोरानें पुढें रेटतो, आणि वळणावर निम्म्या जोरानें बाजूस. म्हणजे पुढें पांचशें वीस किलोंचा रेटा! तेथें हातब्रेकवर भिस्त ठेवून भागत नाहीं. चार चाकांवर चार पट्टे, प्रत्येकास ताण देणारा रॅचेट, चाकांना पुढेंमागें पाचरी, लोखंडी कडेवर पट्टा घासूं नये म्हणून गोणपाटाच्या घड्या, आणि जोड निसटलाच तर आधारास त्याच्याखालून फुलीसारख्या घेतलेल्या दोन साखळ्या.

निघतांना वृद्धांनीं बजावलें, "घाट लागन्याआंधी एकडाव थांबा. बांधलेलं मंग बसतं."

घाटाच्या तोंडाशीं आम्ही थांबलों. अंगणांत तारेसारखा ताठ असलेला मागचा डावा पट्टा आतां दोन बोटें आंत जाऊं देत होता. तो तुटला नव्हता, कोणीं सोडलाही नव्हता. टायर दबला, पट्टा थोडा ताणला, इतकेंच. पुतण्यानें न बोलतां रॅचेट पुन्हां ओढला. त्याच वेळीं दोन लहान मुलांना मध्यें बसवून चाललेलें एक जोडपें मोटारसायकलवरून आमच्या पुढें निघून घाटांत उतरलें. सैल पट्ट्याची किंमत कदाचित् त्यांनीं दिली असती, आणि ती आपण कां देतों आहों हें त्यांना कळलेंही नसतें. संध्याकाळीं वहिनींना टेलिफोन केला. "पोंचली?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

अध्यापनांत आणि संसारांत इतकीं वर्षें काढल्यावर मला वाटतें कीं, मुलांना वळण लावतांना पुष्कळ घरांतून दोर टपावरूनच टाकला जातो. त्यांचें हसणें, बोलणें, वेष, मैत्री हीं सारीं आवळलीं जातात. पत्रा दबतो आणि चाकें मोकळींच राहतात. खरेपणा आणि दिलेला शब्द या दोन ठिकाणीं मूल पक्कें बांधलें गेलें, तर त्याच्या अंगाच्या हालण्यानें कोणाचें काय बिघडणार आहे? आणि एकदां बांधलें म्हणजे काम संपलें असेंही नव्हे. स्नेह असो, विवाह असो, भावांभावांतलें नातें असो, तें कोणाच्याही अपराधावांचून काळानें दोन बोटें सैल होतें. घाट लागण्यापूर्वीं उतरून त्यावर एकदां हात फिरवून पाहावा, एवढेंच आपल्या हातीं असतें.