‘छोटा’ प्लांट कुणासाठी छोटा?

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाच्या वर्धापनाला आमच्या वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसतात. साड्या आदल्या दिवशी धुतात आणि घरातच पंख्याखाली वाळवतात. अंगणात दोरीवर टाकल्या तर सकाळी त्यांवर राखाडी थर बसलेला असतो. वस्तीपासून दीड किलोमीटरवर एका कारखान्याचा स्वतःपुरता वीजसंच आहे, कोळशावरचा, 25 मेगावॅटचा. चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्रापुढे हा कोण लागून गेला? तक्रार घेऊन गेलो की आम्हाला हेच ऐकवतात, “अहो, छोटा प्लांट आहे तो.”

छोटा म्हणजे किती, याचा हिशेब आम्हीच मांडला. 25 मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर 6 लाख युनिट होतात. युनिटमागे पाऊण किलो कोळसा धरा (लहान संच जास्तच खातो), म्हणजे दिवसाला 450 टन. आपल्याकडचा कोळसा राखेचा. तिसरा हिस्सा राख धरली तरी 150 टन, म्हणजे दहा टनी टिप्परच्या पंधरा फेऱ्या, रोज. सिमेंटला आणि विटांना राख लागते, हे खरे. पण नाल्याकाठचे ढीग आम्ही रोज बघतो. पावसाळ्यात त्यातले पाणी कुठे जाते, हे वस्तीतल्या हातपंपाला विचारा.

कायदाही या ‘छोट्या’वर मेहेरबान आहे. डिसेंबर 2015 च्या निकषांत 2016 पर्यंतच्या संचांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा मोठ्यांना घनमीटरमागे 200 मिलिग्रॅम, आणि 500 मेगावॅटखालच्यांना 600. म्हणजे तिप्पट. ती पाळायची मुदतसुद्धा पुन्हा पुन्हा वाढवली गेली. त्याआधी 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेने मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली होती. आमची हरकत ऐकायला मंडपच पडला नाही. आणि याच चंद्रपूरला 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 83.88 गुण देऊन देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत चौथे ठरवले होते! असे ‘छोटे’ किती, याची बेरीज कोण करणार?

एम.ए.ला समाजशास्त्रात उलरिक बेक यांची ‘जोखीम समाज’ ही मांडणी आम्ही शिकलो. गरिबीत उतरंड असते, धुरके मात्र सगळ्यांना सारखेच गाठते, असा त्यांचा एक मुद्दा. परीक्षेत आम्ही तो लिहिला, गुणही मिळाले. वस्तीत काम करू लागलो तेव्हा पटेना. गावकुसाबाहेरची जमीन स्वस्त, म्हणून औद्योगिक वसाहत तिकडेच आली, आणि तिथे आधीपासून आम्ही होतो. जातीची उतरंड धुराने मोडली नाही, तिच्याच पायऱ्यांनी तो खाली उतरला. आमच्याकडे बंद खिडक्या नाहीत, कूलरला पाणी नाही आणि दुसरीकडे फ्लॅट तर नाहीच.

काही मित्र म्हणतात, तुम्ही विकासविरोधी झालात. नाही बुवा. 1942 ते 1946 मजूरमंत्री असताना वीज हे खाते बाबासाहेबांकडेच होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत, आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. त्याच काळात ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले, मजुरांची घरे पाहिली. वीज हवीच. पण ती बनवताना कोण कुठे राहतो, हेही बघायला हवे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तक्रारीवर गेल्या हिवाळ्यात पाहणी झाली. अधिकारी सकाळी अकराला आले. चिमणी स्वच्छ. धूळ पकडणारे यंत्र रात्री बंद ठेवतात असा वस्तीचा संशय आहे, कारण त्यालाही वीज लागते. एक मावशी म्हणाली, “साहेब, तुमी दिवसा येता, राख रातीले येते.” साहेब हसले. अहवालात लिहिले, दृश्य धूर आढळला नाही.

तेव्हापासून पाच घरांच्या छतांवर रात्री दहाला एकेक परात ठेवतो. सकाळी सहाला जमलेली राख पुडीत बांधून तारीख टाकतो, फोटो काढतो. पुड्या बुद्धविहाराच्या कपाटात आहेत. पुढच्या पाहणीची तारीख मागितली आहे, रात्रीची.