बाळकृष्णाचा निळा

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम लागते. नायक राजांच्या काळातील विटांचे प्रचंड धान्यकोठार पाहण्यासाठी एखादा जिज्ञासू तेथे उतरतो. आमच्या दृष्टीने मात्र ते आत्याचे गाव. १८५५ मध्ये तंजावरचे मराठी राज्य खालसा झाले, तरी त्या राज्यामागून दक्षिणेत गेलेली आमच्यासारखी कित्येक घरे तिकडेच राहिली, आणि घरात मराठीच बोलत राहिली.

आत्याच्या देवघरात तंजावरी पद्धतीचा बाळकृष्ण आहे. फळीवर कापड, त्यावर खडूचा लेप, त्यात बसविलेली काच आणि वर सोन्याचे वर्ख. या शैलीत बाळकृष्ण पुष्कळदा गोराच काढतात; आमचा मात्र निळा. गेल्या कार्तिकातील पावसात छत गळले, आणि त्याच्या गालावरचा व खांद्यावरचा रंग पापुद्र्यांनी सुटला. पायांवर उरलेला निळा समईच्या काजळीने काळवंडलेला. त्यावरून मूळ रंग ठरविणे अशक्य. सुदैवाने त्याआधीच्या पोंगलला मी त्या चित्राचे छायाचित्र घेतले होते, आणि शेजारी राखाडी पुठ्ठाही उभा केला होता. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने निरोप धाडला, "त्या छायाचित्राची छापील प्रत पाठवा, म्हणजे तो निळा मी कालवतो."

पुण्यात संगणकावर चित्रसंपादनाच्या आज्ञावलीत ते छायाचित्र उघडले, तो बाळकृष्ण शेवाळी! तेच चित्र साध्या दर्शकात निळे दिसे. भाचा म्हणाला, "मामा, हिरवा थोडा कमी करू या, चटकन होईल." चटकन झाले असते, यात शंका नाही, पण आत्याच्या देवाचा रंग आमच्या पडद्याच्या लहरीवर ठरला असता.

अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नये, आकडे विचारावेत. आज्ञावलीतील रंग टिपणारी नळी मी राखाडी पुठ्ठ्यावर टेकविली. तांबडा, हिरवा आणि निळा यांचे आकडे जवळजवळ सारखे निघाले. राखाडीची खूण तीच. म्हणजे छायाचित्र खरे बोलत होते. खोटे बोलत होता तो पडदा.

त्याचे कारण असे. संगणक पडद्याकडे रंग पाठवीत नाही, आकडे पाठवितो. आणि प्रत्येक पडदा ते आकडे आपापल्या परीने उजळतो. म्हणून पडद्याच्या स्वभावाचे एक टिपण संगणकात असते, त्याला प्रोफाइल म्हणतात. संपादनाची आज्ञावली ते वाचून आकड्यांत फेरफार करते. साधे दर्शक बहुधा तिकडे लक्षच देत नाहीत. टिपणच चुकीचे असेल, तर जो इमानाने ते वाचतो तोच फसतो. आमच्या पडद्याबरोबर आलेले टिपण तसेच होते.

संगणकाच्या रंगव्यवस्थेत जाऊन ते काढले आणि त्याजागी १९९६ मध्ये पुढे आलेले एसआरजीबी हे सर्वसाधारण प्रमाण ठेवले. आज्ञावली बंद करून पुन्हा उघडताच पुठ्ठा राखाडी झाला, बाळकृष्ण निळा. एवढ्याने घरगुती काम भागते. परंतु येथे रंग कायमचा लागायचा होता. म्हणून एका स्नेह्याकडून रंगमापक आणला. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद केली, पडदा अर्धा तास तापू दिला, आणि ते यंत्र काचेवर टेकविले. ते एकामागून एक रंगांचे चौकोन दाखविते, प्रत्यक्ष उमटलेला रंग मोजते आणि त्यावरून नवे टिपण लिहिते. पांढऱ्यासाठी ६५०० केल्विन हे माप निवडले. पडदे कालांतराने बदलतात, तेव्हा हे मापन अधूनमधून पुन्हा करावेच लागते.

छापील प्रत आत्याकडे गेली. तिचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म नुकतेच झालेले. पिकलेले भिंग निळ्या प्रकाशाला बराचसा अडविते. ते निघाल्यावर जगातला निळा एकाएकी उजळतो. तिने प्रत खिडकीपाशी नेली आणि दूरध्वनीवर म्हणाली, "अरे, निळा हाच. पण सोने कुठे गेले?"

सोन्याचा इलाज माझ्यापाशी नव्हता. वर्खाचे तेज हा रंग नव्हे. दिवा हलला की तेही हलते. कागदावर त्याचा पिवळट तपकिरी डागच उमटतो, पडदा कितीही सत्यवचनी असो. सुदैवाने पावसाने वर्खाला हात लावलेला नाही. कारागिराने तो झाकून ठेवला आहे आणि गालापासून काम सुरू केले आहे.